पाण्यात रंग सोडायचा, तर परवानगी कोणाची?

वाचकांचे प्रश्न : भूजल

मागच्या अंकात या सदरात भूजलाचा माग काढण्याच्या रंगचाचणीविषयी लिहिले होते. पाणी जिथे जमिनीत मुरते तिथे मोजून थोडासा चमकणारा रंग सोडायचा आणि तो कोणत्या झऱ्यात, कोणत्या विहिरीत, किती तासांनी किंवा दिवसांनी उतरतो हे पाहायचे, अशी ही पद्धत आहे. तिला ट्रेसर टेस्ट असेही म्हणतात. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांना सरस्वती गुप्तपणे येऊन मिळते आणि पंचगंगा होते, असे लहानपणापासून ऐकत आलेल्या कोल्हापूरकराला जमिनीखालून पाणी वाहते ही कल्पना नवी नाही. त्यामुळे पत्रे भरपूर आली, आणि त्यांतील बहुतेकांचा रोख नियमांकडे होता. त्यांतील काही निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : पन्हाळा तालुक्यातील एका गावाला सड्याखालच्या (डोंगरमाथ्यावरच्या कातळपठाराखालच्या) झऱ्यावरून नळाने पाणी येते. सड्यावर अलीकडे बांधकामे वाढली आहेत. आमच्या महाविद्यालयातील भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सड्यावरच्या एका भोकात रंग सोडून झऱ्याचे पाणी नेमके कुठून येते ते पाहायचे आहे. यासाठी परवाना कोणत्या कार्यालयाकडून घ्यावा? (एक प्राध्यापक, कोल्हापूर)

उत्तर : आपला प्रश्न योग्य वेळी आला आहे, कारण रंग अजून डब्यातच आहे.

सड्यावरचा जांभा हा सच्छिद्र खडक असून त्यात पावसाचे पाणी नुसते झिरपत नाही, तर नळ्यांसारख्या पोकळ्यांतून वाहतही जाते. खाली चिकणमातीचा थर आणि त्याखाली काळा पाषाण लागला की ते आडवे वळते आणि उतारावर झरा होऊन बाहेर पडते. वरून दिसणारी पाणलोटाची रेघ आणि आतून पाणी वाहण्याची दिशा एकच असेल याची खात्री जांभ्यात देता येत नाही. सड्याच्या पलीकडच्या टोकावरच्या शोषखड्ड्याचे पाणी अलीकडच्या झऱ्यात उतरत असेल, तर ते नकाशा पाहून कळणार नाही. रंगचाचणी मात्र ते दाखवून देईल. म्हणून चाचणी जरूर व्हावी, असे माझे मत आहे.

आता परवान्याविषयी. भूजलात रंग सोडण्यासाठी म्हणून वेगळा परवाना आपल्याकडच्या कायद्यात नाही आणि त्याचा छापील अर्जही नाही. केंद्रीय भूजल प्राधिकरण १९९७ साली पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये स्थापन झाले. त्याचे ना-हरकत प्रमाणपत्र पाणी उपसण्यासाठी असते. महाराष्ट्राचा २००९ सालचा भूजल अधिनियमही मुख्यतः उपसा, खोल विहिरी आणि पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांचे रक्षण यांविषयी बोलतो. मात्र अर्ज नाही म्हणजे मोकळीक आहे, असा अर्थ कृपया काढू नका, कारण दोन तरतुदी आपल्याला थेट लागू पडतात.

पहिली तरतूद जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ मधील कलम २४ ही आहे. विषारी, अपायकारक किंवा प्रदूषणकारी पदार्थ जाणूनबुजून प्रवाहात किंवा विहिरीत जाऊ देण्यास तिने मनाई केली आहे, आणि याच कायद्याच्या व्याख्येप्रमाणे ‘प्रवाह’ या शब्दात जमिनीखालचे पाणीही येते. फ्ल्युओरेसिन हा या चाचणीतला नेहमीचा हिरवा चमकणारा रंग. प्रयोगशाळेच्या प्रतीचे त्याचे काही ग्रॅम प्रदूषणकारी ठरतील असे मला वाटत नाही; पण ते ठरवण्याचा अधिकार माझा नाही आणि आपलाही नाही, तो प्रदूषण नियंत्रण मंडळाचा आहे. दुसरी तरतूद भारतीय न्याय संहितेचे कलम २७९ ही आहे. सार्वजनिक झऱ्याचे किंवा जलाशयाचे पाणी बुद्ध्या घाण करून, ज्या कामासाठी ते नेहमी वापरले जाते त्या कामास कमी योग्य करणे हा या कलमाखाली गुन्हा आहे. शब्द लक्षात घ्या : ‘कमी योग्य’. पाणी विषारी झाले पाहिजे, असे त्यात म्हटलेले नाही. हिरवे पाणी बघून गावाने घागरी रिकाम्या परत नेल्या, तर ते पाणी पिण्यास कमी योग्य झाले की नाही, यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलू शकतील.

तेव्हा परवाना नसला तरी पत्रव्यवहार पूर्ण असावा. सर्वप्रथम ग्रामपंचायतीची संमती, आणि तीसुद्धा सरपंचांच्या कानावर घालून नव्हे, तर ठराव करून घ्यावी. ज्या गावाचे पाणी आहे त्याच गावाची नव्हे, तर सड्याच्या चारी अंगांना ज्या ज्या वाड्या झऱ्याचे पाणी पितात त्या सर्वांची. कारण रंग कुठे निघेल हे ठाऊक नाही म्हणूनच तर चाचणी करायची आहे. त्यानंतर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे जिल्हा कार्यालय, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे कोल्हापुरातील कार्यालय, जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग आणि तालुका आरोग्य अधिकारी यांना लेखी कळवून पोच घ्यावी. भोक वनजमिनीत असेल तर वन विभागाची परवानगी लागेल. ते राधानगरीसारख्या अभयारण्यात असेल तर वन्यजीव अधिनियम, १९७२ नुसार संशोधनासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी घ्यावी लागते. पन्हाळगडाच्या संरक्षित भागात काही करायचे असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला विचारल्याखेरीज पाऊल टाकू नये. २०२५ साली हा गड जागतिक वारसा यादीत गेला आहे आणि तिथल्या विहिरी व तळी हा त्या वारशाचाच भाग आहे.

पत्रात रंगाचे नाव, वजन, सोडण्याची जागा आणि वेळ, झऱ्यात अपेक्षित असलेले जास्तीत जास्त प्रमाण, नमुने कोण व किती दिवस घेणार, आणि पाण्याला रंग दिसलाच तर गावाला पर्यायी पाणी कोण देणार, एवढे स्पष्ट असावे. एक बारीक गोष्ट येथेच सांगतो. फ्ल्युओरेसिनच्या सोडियम क्षाराला या विषयात ‘युरेनिन’ म्हणतात. त्याचा युरेनियमशी काडीचाही संबंध नाही, पण चावडीवरच्या फलकावर तो शब्द वाचून काय गैरसमज होईल ते सांगायला नको. फलकावर ‘फ्ल्युओरेसिन’ लिहावे आणि सोबत लिहावे की डोळ्याच्या पडद्याच्या तपासणीत डॉक्टर शिरेतून टोचतात तेच हे द्रव्य. त्या तपासणीत साधारण ५०० मिलिग्रॅम टोचले जाते आणि दिवसभर लघवी पिवळी होते, हे गावात कोणाला ना कोणाला अनुभवाने ठाऊक असते.

मात्रेचा हिशेब पत्राला जोडलाच पाहिजे. समजा, झऱ्याची धार सेकंदाला एक लिटर आहे. म्हणजे दिवसाला ८६,४०० लिटर. वर सोडलेल्या रंगापैकी ५ ग्रॅम त्या एका दिवसात झऱ्यातून बाहेर आला, तर लिटरमागे सरासरी ५८ मायक्रोग्रॅम होतील आणि पाण्यावर हिरवी झाक डोळ्यांना दिसू शकेल. दशांश ग्रॅम आला तर प्रमाण सव्वा मायक्रोग्रॅमच्याही आत राहील, डोळ्यांना काहीच कळणार नाही, पण फ्ल्युओरोमीटर, म्हणजे ही चमक मोजणारे यंत्र, ते सहज वाचेल. दोन पायऱ्यांमधले हे अंतर एवढे मोठे आहे, आणि सारी चाचणी त्या अंतराच्या आत, खालच्या टोकाला ठेवायची असते.

हे इतके ठासून लिहिण्याचे कारण माझ्या स्वतःच्या कामात आहे. खूप वर्षांपूर्वी घाटमाथ्यावरच्या एका वाडीत आम्ही अशी चाचणी केली होती. झऱ्याची धार आम्ही जोराच्या पावसात मोजली आणि रंग सोडला उघडीप झाल्यावर, धार निम्म्याहून खाली आली तेव्हा. मात्रा मात्र जुनीच राहिली. मूळ गावात कळवले होते. खालच्या वाडीला कोणी कळवले नव्हते, आणि रंग उतरला तो नेमका तिथल्या कुंडात. श्रावणी सोमवारी सकाळी देवाला पाणी घालायला आलेल्या बायकांना कुंड पोपटी दिसले. कोणाच्याही प्रकृतीला काही झाले नाही, पण चार दिवस त्या बायकांनी खालच्या ओढ्यावरून चढणीने पाणी आणले, आणि पाचव्या दिवशी कुंडाकाठी उभे राहून त्यांना उत्तर द्यायची पाळी माझी होती. त्यांचा प्रश्न रंग विषारी आहे का, हा नव्हताच. “आम्हाला आधी का नाही सांगितलं?” एवढेच त्या विचारत होत्या.

प्रश्न : इतर देशांत याविषयी काय नियम आहेत? जगाचा एखादा समान कायदा आहे का? (एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर : समान कायदा नाही. देशागणिक, आणि अमेरिकेत तर राज्यागणिक, पद्धत वेगळी आहे. पण मूळ एक आहे, आणि ते समजण्यासाठी १८७७ सालापर्यंत मागे जावे लागते.

दक्षिण जर्मनीत इमेन्डिंगन गावाजवळ डॅन्यूब नदीचे पाणी चुनखडीच्या तळात गडप होते. उन्हाळ्यात तिथले पात्र कोरडे पडते. खालच्या अंगाच्या कारखानदारांना ती भोके बुजवून हवी होती. दक्षिणेला आख नदीकाठच्या गिरणीवाल्यांचे म्हणणे असे की हेच पाणी आमच्या झऱ्याला येते, भोके बुजवाल तर आमची चाके थांबतील. तेव्हा कार्ल्सरूहचे प्राध्यापक आडोल्फ नोप यांनी त्या ऑक्टोबरमध्ये भोकात १० किलो फ्ल्युओरेसिन सोडले. हे द्रव्य आडोल्फ फॉन बायर यांनी तयार करून तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती. सुमारे १२ किलोमीटरवरचा आखचा झरा अडीच दिवसांनी हिरवा चमकू लागला. डॅन्यूब काळ्या समुद्राला जाते, आख ऱ्हाईनला मिळते. म्हणजे एका खोऱ्याचे पाणी जमिनीखालून दुसऱ्या खोऱ्यात जात असल्याचे त्या रंगाने दाखवून दिले. त्या पाण्याचा वाद पुढे १९२७ साली जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयापर्यंत गेला. वरचा आणि खालचा, या पाण्याच्या भांडणाची ओळख कृष्णेच्या खोऱ्यात कोणाला करून द्यावी लागत नाही. या हकिकतीवरून दोन गोष्टी दिसतात : रंगचाचणी हा पहिल्यापासून पुरावा आहे, आणि तिचा संबंध पहिल्यापासून दुसऱ्याच्या पाण्याशी आहे. आजचे सारे नियम या दोन गोष्टींभोवतीच फिरतात.

युरोपीय संघाच्या २००० सालच्या पाणी आराखडा निर्देशाने भूजलात कोणताही प्रदूषक थेट सोडण्यास मनाई केली आहे. मात्र पाण्याचा अभ्यास, संरक्षण किंवा सुधारणा यांसाठी, वैज्ञानिक हेतूने, अगदी लागेल तेवढीच अल्प मात्रा सोडण्याची मुभा सदस्य देशांना ठेवली आहे. ‘लागेल तेवढीच’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण जास्त रंग ओतला की तुम्ही त्या सवलतीच्या बाहेर पडता. इंग्लंडमध्ये आजही २०१६ च्या पर्यावरण परवाना नियमांत अशीच सूट आहे. अल्प मात्रेच्या चाचणीला पूर्ण परवाना लागत नाही, पण पर्यावरण एजन्सीला आधी कळवावे लागते. जर्मनीत काम अधिक काटेकोर आहे. तिथल्या पाणी कायद्याप्रमाणे भूजलात काही सोडण्याची परवानगी, पाण्याच्या गुणधर्मात वाईट बदल होण्याची धास्ती नसेल तेव्हाच देता येते. अपाय झाल्याचे सिद्ध होईपर्यंत थांबायचे नाही, धास्तीला वाजवी कारण असणे पुरेसे. अर्ज जिल्हा पातळीवरच्या पाणी अधिकाऱ्याकडे जातो.

मला स्वतःला सर्वांत पटलेली व्यवस्था स्वित्झर्लंडची आहे. तिथे परवानगीचा अधिकार कँटनचा, म्हणजे प्रांताचा आहे, पण त्याखेरीज केंद्रीय पर्यावरण कार्यालयात रंगचाचण्यांची एक नोंदणीव्यवस्था चालते. चाचणी करणाऱ्याने आधी तिथे कळवायचे, म्हणजे त्याच खोऱ्यात आधी कोणी तोच रंग सोडला आहे का ते समजते. हे वरवर कारकुनी वाटेल, पण विचार करा : डोंगराच्या दोन बाजूंनी दोन गटांनी त्याच आठवड्यात हिरवा रंग सोडला आणि मधल्या झऱ्यात हिरवा रंग आला, तर तो कोणाचा? दोघांचेही काम वाया गेले, आणि पुढचे काही महिने त्या पाण्यात तो रंग वापरता येत नाही.

अमेरिकेत १९७४ च्या सुरक्षित पेयजल कायद्याखाली विहिरीत किंवा जमिनीच्या भोकात द्रव सोडण्यावर नियंत्रण आहे. अशा भोकांचे वर्ग पाडले असून किरकोळ आणि इतरत्र न बसणारी भोके पाचव्या वर्गात येतात. या वर्गात साधारणपणे स्वतंत्र परवाना न घेता माहिती दाखल करून काम करता येते, पण पिण्याच्या भूजलाला धोका पोहोचता कामा नये ही अट कायम असते, आणि एखादे राज्य त्याहून कडक होऊ शकते. चुनखडी आणि गुहा असलेली राज्ये स्वाभाविकपणे जास्त जागरूक आहेत. मिसुरीत रंगचाचणी करणाऱ्याने राज्याच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे नाव नोंदवायचे, प्रत्येक वेळी रंग सोडण्याआधी कळवायचे आणि नंतर निकाल द्यायचा, असा कायदाच आहे. केंटकीतही आधी सूचना देण्याची पद्धत असून तिथे गेल्या कित्येक वर्षांचे निकाल नकाशांवर एकत्र मांडलेले आहेत; रस्त्यावर रसायनाचा टँकर उलटला तर कोणत्या झऱ्यावर पहारा ठेवायचा हे त्या नकाशांवरून ठरवता येते.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत पर्यावरण अभियांत्रिकी शिकते. तिथे नदीत आणि भूजलात ‘ऱ्होडामाइन डब्ल्यूटी’ सर्रास वापरतात असे ती सांगते. तिचा जर्मनीतला मित्र म्हणतो की आमच्याकडे ते चालत नाही. खरे कोणाचे? (एक पालक, कोल्हापूर)

उत्तर : दोघेही खरे सांगत आहेत. ऱ्होडामाइन डब्ल्यूटी हा खास पाण्याच्या मागासाठी बनवलेला लाल रंग आहे. त्याच्या नावातली दोन अक्षरे ‘वॉटर ट्रेसर’ या शब्दांचीच आहेत. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाने पाणी उचलण्याच्या ठिकाणी त्याचे प्रमाण लिटरला १० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये असा दंडक स्वतःला घालून घेतला, आणि नळाला जाणाऱ्या शुद्ध पाण्यासाठी त्याचा शंभरावा भाग, म्हणजे ०.१ मायक्रोग्रॅम, ही मर्यादा तिथे मानली जाते. म्हणजे अमेरिकेत रंगाला परवानगी आहे ती मर्यादेसह. जर्मन तज्ज्ञांच्या गटाने मात्र वेगळा प्रश्न विचारला : मर्यादा किती ठेवायची हे नव्हे, तर त्याच कामाला दुसरा निर्धोक रंग असताना हा कशाला? जनुकांना इजा होण्याची शंका आल्यामुळे त्यांनी ऱ्होडामाइन गटातले बी, डब्ल्यूटी आणि ६जी हे रंग बाजूला ठेवले आणि युरेनिनला पसंती दिली. २००१ साली त्यांचे मूल्यांकन प्रसिद्ध झाले.

याआधी १९९५ साली अमेरिकेतील चार अभ्यासकांनी बारा रंगांचा आढावा घेऊन सुचवले होते की पाणी उपसण्याच्या किंवा बाहेर पडण्याच्या ठिकाणी रंगाचे प्रमाण लिटरला १ ते २ मिलिग्रॅमच्या वर चोवीस तासांपेक्षा जास्त काळ राहू नये. ही मर्यादा पुष्कळांना ढिली वाटते आणि ती तशी आहेही, कारण त्याच्या कितीतरी आधी पाणी रंगीत दिसू लागते. पहिल्या उत्तरातला सेकंदाला एक लिटरचा झरा घ्या : तिथे एका दिवसात ८६ ग्रॅम रंग उतरला की ही मर्यादा गाठली जाते, आणि पाच ग्रॅमलाच लोक पाणी भरायचे थांबतात. माझ्या मते आपल्या जिल्ह्यात पिण्याच्या झऱ्यासाठी डोळ्यांना रंग दिसणार नाही हीच मर्यादा मानावी आणि फक्त फ्ल्युओरेसिन वापरावे. ऱ्होडामाइनची येथे काही गरज नाही.

प्रश्न : आमच्या आडाच्या पाण्याला वास येतो. शेजाऱ्यांच्या शौचालयाच्या टाकीतून पाझर येतो असा संशय आहे. भाऊ इचलकरंजीत प्रोसेसमध्ये कामाला आहे, तो कापडाचा गडद रंग आणून देतो म्हणतो. टाकीत टाकून पाहू का? काहीजण पोटॅशियम परमँगनेट सुचवतात. (एक शेतकरी, करवीर तालुका)

उत्तर : दादा, दोन्ही टाकू नका.

कापडाचा रंग पाण्यात माग काढण्यासाठी बनवलेला नसतो. त्यात क्षार आणि इतर पूरक रसायने असतात, त्यांची यादी आपल्या हाती नसते, आणि आपल्या काळ्या मातीतली चिकण त्यांतले पुष्कळ रंग धरून ठेवते. म्हणजे टाकी गळत असली तरी रंग आडात येणार नाही आणि आपण समजू की गळत नाही. रंगपंचमीचे सुटे रंगही तसेच. त्यांतल्या गुलाबीत ऱ्होडामाइन-बी असू शकते, ज्याला खाण्याच्या पदार्थांत बंदी आहे आणि ज्यामुळे २०२४ साली तमिळनाडूने बुढ्ढी के बाल विकायला मनाई केली. परमँगनेट तर मैल्याशी संयोग होऊन टाकीतच रंग गमावते. शिवाय टाकी शेजाऱ्यांची आहे. त्यांना न विचारता त्यात काही टाकले, तर पाण्याचा प्रश्न बाजूला राहून पोलीस ठाण्याचा प्रश्न उभा राहील.

आधी आडाच्या पाण्याचा नमुना शासकीय पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक नमुना कसा घ्यायचा ते सांगतील. ई-कोलाय जंतू सापडले आणि नायट्रेट भारतीय मानकातील लिटरला ४५ मिलिग्रॅम या मर्यादेच्या वर असले, तर मैल्याचे पाणी कुठून तरी येते एवढे नक्की झाले आणि तोवर ते पाणी पिणे थांबवायचे. कोणाच्या टाकीतून, हा वाद उरलाच तर ग्रामपंचायतीमार्फत, शेजाऱ्यांच्या समक्ष आणि संमतीने, भूजल यंत्रणेच्या जाणकारांकडून फ्ल्युओरेसिनची चाचणी करून घ्यावी. त्या काळात आडात टीसीएल पावडर टाकू नका, कारण क्लोरीनने या रंगाची चमक नष्ट होते आणि चाचणी फसते. नमुने झाल्यावर मात्र लगेच टाका.

प्रश्न : किरणोत्सारी ट्रेसरही वापरतात असे वाचले. त्याला परवानगी कोणाची? (एक वाचक, गडहिंग्लज)

उत्तर : येथे मात्र कायदा स्पष्ट आहे. अणुऊर्जा (किरणोत्सार संरक्षण) नियम, २००४ प्रमाणे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या संमतीशिवाय असे द्रव्य कोणालाही बाळगता किंवा वापरता येत नाही. आपल्या देशात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने पाऊस जमिनीत किती मुरतो हे मोजण्यासाठी ट्रिटियमचा, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजनचा, वापर केला आहे, आणि मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने धरणांच्या गळतीचा शोध समस्थानिकांनी घेतला आहे. महाविद्यालयाने या वाटेला जाण्याचे कारण नाही.

प्रश्न : आम्ही एमएस्सीच्या प्रकल्पात रीतसर कळवून चाचणी केली, पण महिनाभर वाट पाहूनही कुठेच रंग आला नाही. आता अहवालात काय लिहावे? आणि तो कोणाला द्यावा? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : रंग आला नाही हाही निकाल आहे, मात्र तो कसा पाहिला त्यावर त्याची किंमत ठरते. रंग ज्याने ओतला त्यानेच बाटल्या हाताळल्या का? फ्ल्युओरेसिनची पूड नारिंगी-तांबडी असते, आणि नखात राहिलेल्या कणानेही नमुना बिघडतो. म्हणून ओतणारा आणि नमुने घेणारा माणूस वेगळा लागतो. बाटल्या गडद काचेच्या होत्या का, की उन्हात ठेवल्या? हा रंग उन्हात मरतो. झऱ्यात मच्छरदाणीच्या जाळीच्या पुडीत सक्रिय कोळसा टांगून ठेवला होता का? तो दिवसरात्र येणारा रंग टिपतो, जो दिवसातून एकदा घेतलेल्या नमुन्यात निसटू शकतो. आणि रंग सोडण्याआधी किमान आठवडाभराचे कोरे नमुने घेतले होते का? धुण्याच्या घाटाखालच्या पाण्यात साबणातली चमक आणणारी द्रव्ये असतात, गॅरेजच्या सांडपाण्यात रेडिएटरच्या कूलंटमधला फ्ल्युओरेसिनच असू शकतो, आणि कोऱ्या नमुन्यांशिवाय हे वेगळे काढता येत नाही.

अहवालात “संबंध नाही” असे लिहू नका. “अमुक ग्रॅम रंग अमुक दिवशी अमुक ठिकाणी सोडला, अमुक सहा ठिकाणी अमुक दिवस पाहिले, यंत्राच्या अमुक मर्यादेपर्यंत आढळला नाही” असे लिहा. बसाल्टच्या, म्हणजे काळ्या पाषाणाच्या, भेगांतले पाणी कधी पुढच्या पावसाळ्यात हलते, म्हणून कोळशाच्या पुड्या शक्य असल्यास ऑक्टोबरपर्यंत ठेवा आणि तेवढ्या काळात त्या सड्यावर कोणी दुसरा रंग सोडणार नाही, हे भूजल यंत्रणेला कळवून ठेवा. स्विस पद्धतीची नोंदवही आपल्या जिल्ह्यात अजून नाही. ती भूजल यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात सुरू व्हावी, अशी विनंती मी स्वतः लेखी करणार आहे, आणि तुमचा अहवाल त्यातली पहिली नोंद म्हणून जोडू द्याल तर फार चांगले होईल. एक प्रत त्या कार्यालयाला, एक ग्रामपंचायतीला, आणि नमुने घेतलेल्या प्रत्येक वाडीला मराठीत एक पान द्या. त्यात रंग पाण्यात आढळला नाही, हे पहिल्याच ओळीत असू द्या. महिनाभर त्या झऱ्यांचे पाणी भरणाऱ्यांना तेच आधी वाचायचे आहे.